युरोपीय संघातून बाहेर पडावे का? वादाला उभे राहण्याआधी हे पाहून घ्या

प्रश्न असा आहे: वादविवाद स्पर्धेत "देशाने युरोपीय संघातून बाहेर पडावे" असा ठराव आहे, उदाहरण ब्रिटनचे घ्यायचे आहे. दोन्ही बाजूंचे टिकणारे मुद्दे कोणते आणि वक्ता कुठे फसतो?

फसण्याची पहिली जागा ठरावातच आहे. २३ जून २०१६ च्या ब्रिटिश मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, संघात राहा किंवा संघ सोडा. सोडून कुठे जायचे, याबद्दल मतपत्रिका गप्प होती. सोडण्याच्या बाजूने सुमारे १ कोटी ७४ लाख मते पडली, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख, टक्केवारी ५१.९ विरुद्ध ४८.१. पुढची साडेतीन वर्षे संसद त्या न विचारलेल्या प्रश्नावर भांडत बसली. १५ जानेवारी २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत "हे बाहेर पडणे पुरेसे नाही" म्हणणारेही होते आणि "बाहेर पडूच नका" म्हणणारेही. म्हणून विरोधी बाजूने असाल तर पहिल्याच मिनिटात ठराव मांडणाऱ्याकडून वदवून घ्या: बाहेर पडून नेमके कुठे? आणि ठराव तुमचाच असेल तर हे उत्तर घरून ठरवून या, नाहीतर समोरचा तुम्हाला एकदा नॉर्वेत आणि एकदा तुर्कस्तानात नेऊन उभे करील.

संघाचे सदस्यत्व म्हणजे एकावर एक चढवलेले थर आहेत. कस्टम्स युनियन म्हणजे आपसात ड्यूटी नाही आणि बाहेरच्यांसाठी सगळ्यांची ड्यूटी एकच. सिंगल मार्केट म्हणजे माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांसाठी समान नियम, त्यामुळे एका देशात पास झालेली वस्तू सगळीकडे पास. त्याशिवाय सामाईक शेती आणि मासेमारी धोरण, सामाईक अर्थसंकल्प, आणि वर न्यायालय. हे थर वेगवेगळे सोडता येतात, पण प्रत्येकाची किंमत वेगळी. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत सदस्यत्व नाकारले. तो सिंगल मार्केटमध्ये आहे, कस्टम्स युनियनमध्ये नाही. परिणाम पाहायचा तर स्वीडनच्या हद्दीवर स्विनेसुंडला पाहा: दोन्ही देश मित्र, नियम जवळपास एकच, तरी तिथे कस्टम्सची चौकी आहे आणि ट्रकवाल्याला कागद दाखवावे लागतात. शिवाय नॉर्वे पैसे भरतो, नियम पाळतो आणि नियम ठरताना त्याला मत नसते. तुर्कस्तानचे उलटे: औद्योगिक मालापुरता तो १९९५ च्या अखेरपासून कस्टम्स युनियनमध्ये आहे. संघाने तिसऱ्या देशाशी करार केला की त्या देशाचा माल संघामार्गे तुर्कस्तानात शिरू शकतो, पण तुर्की मालाला त्या देशात आपोआप सवलत मिळत नाही. स्वतंत्र व्यापारधोरण हवे म्हणून बाहेर पडणाऱ्याने तुर्की मार्ग निवडला तर तेल गेले, तूप गेले, अशी गत.

ब्रिटनने सगळेच थर सोडले. ३१ जानेवारी २०२० ला सदस्यत्व संपले, ३१ डिसेंबर २०२० ला जुने नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ संपला, आणि २४ डिसेंबरला, म्हणजे अक्षरशः शेवटच्या आठवड्यात, व्यापार करार ठरला.

आता सगळ्यात मोठी गफलत. करारात ड्यूटी शून्य आहे, कोटा नाही. वक्ते इथेच थांबतात: "शून्य ड्यूटी आहे, मग तोटा कसला?" कागद हाताळणाऱ्या कुणालाही विचारा, खरे दुखणे ड्यूटीत नाहीच. शून्य ड्यूटी फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात "उत्पन्न झालेल्या" मालाला आहे, आणि ते उत्पन्न तिथले आहे हे सिद्ध करावे लागते. निर्यातदाराला इन्व्हॉइसवर ठराविक शब्दांत उत्पत्तीचे निवेदन लिहावे लागते. ब्रिटिश निर्यातदार त्यात आपला ईओआरआय क्रमांक (कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक) घालतो. संघातल्या निर्यातदाराला माल ६,००० युरोंच्या वर असेल तर रेक्स (नोंदणीकृत निर्यातदार) नोंदणी लागते. निवेदनामागे पुरवठादारांचे जबाब जपून ठेवावे लागतात, कारण आयात करणाऱ्या देशाचे कस्टम्स नंतर पडताळणी मागू शकते आणि पुरावा नसला तर मागची ड्यूटी वसूल होते. छोट्या निर्यातदारांतले बरेच जण म्हणूनच सवलत मागतच नाहीत आणि ड्यूटी भरून मोकळे होतात.

मोटारींचे पाहा. करारानुसार गाडीच्या किमतीत बाहेरच्या सुट्या भागांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर १० टक्के ड्यूटी. इंजिनाच्या गाडीला हे जमते. इलेक्ट्रिक गाडीत किमतीचा मोठा भाग बॅटरी खाते आणि सेल बहुधा आशियातून येतात. त्यासाठी २०२३ अखेरपर्यंत ६० टक्क्यांची सूट ठेवली होती, मग नियम कडक होणार होते. कारखाने तयार नव्हते, दोन्ही बाजू घाबरल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सूट २०२६ अखेरपर्यंत वाढवली. टाटा मोटर्सच्या जग्वार लँड रोव्हरचे कारखाने इंग्लंडमध्ये आहेत आणि स्लोव्हाकियात नित्रा येथेही, त्यामुळे ही टक्केवारी मुंबईतल्या भागधारकालाही लागू पडते.

दुसरी गोष्ट त्याहून चकवणारी. संघात ड्यूटी भरून आत आलेला माल "संघात उत्पन्न झालेला माल" होत नाही. भारतातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरलेला कंटेनर २०२१ च्या आधी तिथे एकदा क्लिअर केला की त्यातला अर्धा माल ट्रकने मँचेस्टरला पाठवता येई, पुन्हा कुणी विचारत नसे. आज तोच माल रॉटरडॅमला ड्यूटी भरून पुढे ब्रिटनमध्ये नेला तर ब्रिटिश ड्यूटी वेगळी लागते, कारण उत्पत्ती भारताची. एका मोठ्या ब्रिटिश दुकानसाखळीच्या जर्मनीत बनलेल्या चघळण्याच्या गोड गोळ्याही जानेवारी २०२१ मध्ये याच कारणाने अडचणीत आल्या. जर्मनीतून ब्रिटनच्या गोदामात, तिथून आयर्लंडच्या दुकानात. वाटेत मालावर काहीच प्रक्रिया झाली नाही म्हणून शून्य ड्यूटीचा हक्क गेला. उपाय आहे: माल रॉटरडॅमला क्लिअरच करायचा नाही. ड्यूटी न भरता बाँडेड गोदामात ठेवायचा किंवा टी-१ ट्रान्झिटवर, म्हणजे ड्यूटी न भरता कस्टम्सच्या देखरेखीखाली, पुढे काढायचा. सामाईक ट्रान्झिट कराराचा ब्रिटन आता स्वतंत्र सदस्य आहे, त्यामुळे हे चालते, पण त्याला बँक गॅरंटी लागते आणि ट्रान्झिट वेळेत बंद झाल्याची नोंद लागते. ती राहिली तर गॅरंटीवर बोजा येतो. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना नेदरलँड्स आणि ब्रिटन हे दोन्ही मोठे ग्राहक. त्यांच्यासाठी सरळ मार्ग हाच की लंडन गेटवे किंवा फेलिक्सस्टो या ब्रिटिश बंदरांचा माल पॅकहाउसमधूनच वेगळा लावावा, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्यावर) तोच देश घालावा, आणि औषधांच्या अवशेषांच्या मर्यादा दोन्हीकडच्या वेगवेगळ्या तपासाव्यात. आज बहुतेक आकडे सारखे आहेत, पण ते कायम सारखेच राहतील असे कुठे लिहिलेले नाही.

वादात एक दृश्य जवळून दाखवायचे असेल तर स्कॉटलंडहून फ्रान्सला निघालेला मिश्र खाद्यमालाचा ट्रक घ्या. त्यात दहा वेगळ्या निर्यातदारांचे सामन, खेकडे, चीज. २०२० पर्यंत ट्रकवाल्याकडे एक माल-यादी पुरे. आता प्रत्येक निर्यातदाराच्या प्रत्येक वस्तूला कमोडिटी कोड, निर्यातीचे डिक्लेरेशन, आणि प्राणिजन्य पदार्थ असल्यामुळे अधिकृत पशुवैद्याच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. सही आणि शिक्का छपाईपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईत हवा. प्रमाणपत्र पोहोचण्याच्या देशाच्या भाषेतही हवे. अशा मालाची नोंद ठेवणाऱ्या युरोपीय ट्रेसेस प्रणालीत आगाऊ सूचना टाकायची. फ्रेंच व्यवस्थेत डिक्लेरेशनचा क्रमांक ट्रकच्या नंबरप्लेटशी जोडला जातो, आणि इंग्लिश खाडी ओलांडेपर्यंत ड्रायव्हरला कळते की हिरवी रांग की नारिंगी. नारिंगी आली की तपासणी केंद्र. दहापैकी एकाच्या कागदावर बॅच क्रमांक चुकला तर उरलेल्या नऊ जणांचा बिनचूक मालही तिथेच उभा राहतो. सामनला थांबायला वेळ नसतो. म्हणून ट्रकवाले छोट्या निर्यातदाराचे एक-दोन खोके घ्यायला नाखूष होतात, आणि सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो तो लहान माणूस. मोठी कंपनी पूर्ण ट्रक एकाच प्रमाणपत्रावर भरते, तिचा प्रति किलो खर्च नगण्य. कागदाचा खर्च मालाच्या किमतीवर ठरत नाही, खेपेवर ठरतो, हे वाक्य लक्षात ठेवा. निम्मा वाद त्यावर जिंकता येतो.

काही गोष्टींना तर कागदाने जाताच येत नाही. संघाबाहेरच्या देशातून ताजे, न गोठवलेले सॉसेज संघात चालत नाही. बियाण्याचे बटाटे ब्रिटनमधून बंद झाले. हा नियम ब्रिटनला शिक्षा म्हणून केलेला नव्हता. तो आधीपासून सगळ्या बाहेरच्या देशांना होता, आणि तो होता तेव्हा ब्रिटन आत होता.

उलट दिशेने ब्रिटनने काय केले? स्वतःच्या हद्दीवरची खाद्यमालाची तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. आरोग्य प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ युरोपीय शेतकरी जुन्याच सुखात माल पाठवत होता आणि ब्रिटिश शेतकरी पहिल्या दिवसापासून कागद रंगवत होता. मग डोव्हर आणि युरोटनेलमार्गे येणाऱ्या अशा मालावर प्रत्येक वस्तूमागे कमाल २९ पौंड, एका खेपेला कमाल १४५ पौंड असा आकार सुरू झाला. "नियंत्रण परत मिळवा" ही बाहेर पडण्याच्या प्रचाराची घोषणा होती. नियंत्रण वापरायला गेले की भाजी महागते, म्हणून ते वापरले नाही. युकेसीए शिक्क्याचे तेच. वस्तू संघाच्या नियमांत बसते हे सांगणाऱ्या सीई शिक्क्याऐवजी स्वतःचा शिक्का आणायचा ठरवला, उत्पादकांनी दोनदा चाचण्या करायला नकार दिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने बऱ्याच वस्तूंसाठी सीई शिक्का अनिश्चित काळ चालू ठेवला.

आयर्लंड हा ठराव मांडणाऱ्याचा सगळ्यात अवघड पेपर. तीन गोष्टी हव्या होत्या: आयर्लंड बेटावर चौकी नको, कारण उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणारा १९९८ चा गुड फ्रायडे करार, उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये चौकी नको, कारण देश एक, आणि ब्रिटन सिंगल मार्केट व कस्टम्स युनियन दोन्हींबाहेर. यातल्या कोणत्याही दोन मिळतात, तिन्ही नाहीत. शेवटी चौकी आयरिश समुद्रात आली. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कने ती सौम्य केली: उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या मार्गाने, पुढे संघात जाऊ शकणारा लाल मार्गाने, आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर "संघासाठी नाही" असे लेबल. ज्या देशाची संघाशी जमिनीवर हद्द आहे, त्याच्या बाबतीत बाहेर पडण्याचा वाद इथूनच सुरू करावा. तपासणी होणार कुठे, कोणत्या गावात, कोण करणार? "तंत्रज्ञानाने होईल" हे उत्तर २०१७ पासून दिले जात आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चीजमधला जंतू वाचत नाही.

आता ठरावाच्या बाजूने काय टिकते ते. सार्वभौमत्वाचा मुद्दा खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. मतदार ज्यांना काढू शकत नाही त्यांनी केलेला नियम त्याला लागू व्हावा का, हा प्रश्न ड्यूटीच्या हिशेबाने खोडता येत नाही. दाखवण्याजोगी उदाहरणेही आहेत: १ जानेवारी २०२१ पासून सॅनिटरी पॅडवरचा ५ टक्के व्हॅट ब्रिटनने काढला, जो संघाच्या तेव्हाच्या नियमात शून्य करता येत नव्हता (२०२२ मध्ये संघाने स्वतःच तो नियम सैल केला, हे समोरचा सांगेल). इंग्लंडमध्ये शेतजमिनीच्या एकरांवर मिळणारे अनुदान जाऊन पर्यावरणाच्या कामासाठी पैसे देण्याची पद्धत आली. जनुक-संपादित पिकांसाठी २०२३ मध्ये वेगळा कायदा झाला. २०२५ मध्ये अमेरिकेने ब्रिटनवर १० टक्के आणि संघावर १५ टक्के आयातशुल्क लावले, हा फरक बाहेर असल्याचा. पण कोविड लशीचे उदाहरण देऊ नका. २ डिसेंबर २०२० ची मंजुरी संक्रमणकाळातच, संघाच्या कायद्यातल्या आपत्कालीन तरतुदीखाली दिलेली होती.

पैशाचा आकडा दोन्ही बाजू चुकवतात. "सोडा" बाजूच्या प्रचाराच्या बसवर, ब्रिटन संघाला देतो म्हणून लिहिलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड हे १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली सूट वजा करण्याआधीचे. सुटीची ती रक्कम ब्रिटनमधून कधी बाहेर जातच नव्हती. २०१६ मध्ये प्रत्यक्ष भरणा सुमारे १३.१ अब्ज पौंड होता, त्यातले सुमारे ४.५ अब्ज ब्रिटनमध्येच खर्चाला परत आले, निव्वळ ८.६ अब्ज. हे थोडे नाहीत. पण अर्थसंकल्पाची स्वतंत्र संस्था ओबीआर दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी धरते, त्यापुढे ते लहान आहेत. हा ४ टक्क्यांचा आकडा वापरताना जपा: तो दीर्घकाळाचा अंदाज आहे, एखाद्या वर्षी मोजलेली घट नाही. राहणाऱ्यांच्या बाजूचे पापही मोठे आहे. मे २०१६ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने सांगितले होते की नुसत्या "सोडा" मतानेच लगेच मंदी येईल आणि बेकारी पाच लाखांनी वाढेल. पौंड गडगडला, मंदी आली नाही. आकड्यांवरचा विश्वास तिथे उडाला तो पुन्हा बसला नाही.

स्वतंत्र व्यापार करार हा ठरावाचा आवडता मुद्दा. ऑस्ट्रेलियाच्या कराराचा सरकारी अंदाज होता राष्ट्रीय उत्पन्नात ०.०८ टक्के वाढ. भारताशी २४ जुलै २०२५ ला सही झाली, त्यात व्हिस्कीवरची १५० टक्के ड्यूटी आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार. संघ मात्र भारताशी २००७ पासून बोलत होता, २०१३ मध्ये बोलणी थांबली. तेव्हा एकटा ब्रिटन चपळ ठरला, हे मान्य करायला हरकत नाही. पण संघाच्याही वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली, म्हणजे सगळ्या चपळाईचा लाभ काही महिन्यांचा. आणि ब्रिटनची ४० टक्क्यांहून अधिक निर्यात ज्या खाडीपलीकडे जाते, ती जागा भारत किंवा ऑस्ट्रेलिया भरू शकत नाहीत. अंतर आणि नाशवंत माल यांचे गणित करारावर सही करून बदलत नाही.

माणसांबाबत निकाल वेगळाच लागला. संघातल्या नागरिकांचा मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. याचा फटका गोव्यातल्या कुटुंबांना थेट बसला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनला, कामाला जात. ज्यांनी ३० जून २०२१ पर्यंत सेटलमेंट योजनेत अर्ज केला ते राहिले. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट हातात असला तरी कामाचा व्हिसा लागतो. स्विंडनने बहुमताने "सोडा" म्हटले होते. स्थलांतर कमी होईल म्हणून मत देणाऱ्यांच्या पदरी उलटेच पडले: जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या पुढे गेले, संघाबाहेरून आलेल्यांत भारतीय सर्वाधिक. ठरावाच्या बाजूने याला एक प्रामाणिक उत्तर आहे, की दार कुणासाठी उघडायचे हे आता लंडन ठरवते, आणि लंडनने ते तसे ठरवले.

मासेमारीवर जास्त वेळ घालवू नका, पण एक आकडा पाठ करा. ब्रिटिश पाण्यातल्या युरोपीय बोटींच्या वाट्यातला २५ टक्के हिस्सा साडेपाच वर्षांत परत येणार होता, आणि २०२६ च्या मध्यानंतर पाण्यात कुणाला येऊ द्यायचे याची सौदेबाजी पुन्हा सुरू होणार होती. मे २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपीय बोटींचा प्रवेश जून २०३८ पर्यंत वाढवून दिला, कारण बदल्यात खाद्यमालाच्या तपासणीतून सुटका हवी होती. माशांवरूनच बाहेर पडलेला ग्रीनलँड पाहा. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, विषय जवळजवळ एकच, तरी १९८२ च्या सार्वमतापासून १ फेब्रुवारी १९८५ पर्यंत तीन वर्षे लागली.

प्रक्रियेबद्दल एवढेच: संघाच्या करारातल्या कलम ५० ची (संघ सोडण्याची) नोटीस दिली की दोन वर्षांचे घड्याळ सुरू होते, आणि मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या देशांचे एकमत लागते. म्हणजे नोटीस देणाऱ्याच्या हातातले पत्ते त्या दिवशीच कमी होतात. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली, तेव्हा मंत्रिमंडळात कुठे जायचे यावर एकमत नव्हते. संघाने क्रम लावला: आधी नागरिकांचे हक्क, देणी आणि आयर्लंड, मग व्यापार. "जर्मन मोटार कंपन्या आपल्या सरकारवर दबाव आणतील" हा भरवसा फोल ठरला; त्यांना ब्रिटिश ग्राहकापेक्षा अखंड सिंगल मार्केट जास्त मोलाचे होते. जागतिक व्यापाराच्या गॅट करारातले कलम २४ वापरून करार न करताच शून्य ड्यूटी चालू ठेवता येईल, हा २०१९ चा युक्तिवाद आजही कुणीतरी काढतो. त्या कलमाला दोन्ही बाजूंची संमती लागते, एकट्याने ते वापरता येत नाही.

आणि कुणी "मग परत आत जावे" म्हटले तर त्यालाही सोडू नका. संघाच्या करारातल्या कलम ४९ खाली नवा अर्ज, सगळ्यांचे एकमत. थॅचर यांची सूट आणि युरो व शेंगेनमधून (सीमेवर पासपोर्ट-तपासणी नसलेल्या प्रदेशातून) मिळालेली वगळ या जुन्या सदस्याच्या सवलती होत्या. नव्या अर्जदाराला त्या गृहीत धरता येत नाहीत. सध्या ठरत असलेल्या खाद्यमालाच्या करारात संघाचे नियम बदलतील तसे ब्रिटनने बदलायचे आहेत, आणि ते ठरताना ब्रिटनला मत नसेल. उलटतपासणीत ठराव मांडणाऱ्याला हेच विचारा: सॉसेज फ्रान्सच्या कॅले बंदरात विनातपासणी जावे यासाठी हा सौदा तुम्ही कराल का? "हो" म्हणाला तर सार्वभौमत्वाचा मुद्दा हातचा गेला, "नाही" म्हणाला तर स्कॉटलंडच्या त्या ट्रकमधल्या नऊ जणांना काय सांगायचे ते त्याने सांगावे.